खालापूरच्या वाटेचं पेट्रोल

कोंडाजीनं डब्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं.

"ह्ये नाय चालायचं."

आनंदीबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती. सूप हातातच थांबलं.

"आता आनि काय झालं?"

"राकेल मिसळलंय ह्यात. इंजान ठोकं मारंल. चढाला तर जागचं हलायचं नाय."

"अवं, मागल्या खेपेला लय कडक हाय म्हणत व्हता!"

"ते उडत्या इमानाचं व्हतं. शंभरचं. ह्या टिल्लूला सत्तरचं लागतं. शंभरचं घातलं की प्लगावर शिसं बसतं."

सत्तर आणि शंभर. महिनाभर हे दोन आकडे घरात चिवट पाहुण्यांसारखे मुक्काम ठोकून होते. या नंबराला ऑक्टेन म्हणतात, हे कोंडाजीनं अख्ख्या आळीला सांगून झालं होतं. आनंदीबाईला जेवताना ऑक्टेन, निजताना ऑक्टेन ऐकून कान किटले होते. तिनं सूप असं काही आपटलं, की तांदळाबरोबर कोंडाही जागच्या जागी बसला.

अंगणात ती स्कूटर उभी होती. बुटकी, हिरवी, बसक्या म्हशीसारखी. लढाईच्या दिवसांत विमानतळावर गोरे सोजीर तिच्यावरून हिंडायचे. लढाई संपली, सरकारनं उरलंसुरलं सामान लिलावात काढलं आणि कोंडाजी कल्याणहून ही ब्याद घेऊन आला. ब्रह्मदेशात त्यानं लष्करी लॉऱ्या हाकल्या होत्या, एक पाय कायमचा अधू करून परतला होता. त्यामुळे पेट्रोलाच्या बाबतीत अख्ख्या कडाव गावात त्याच्यापुढे तोंड उघडण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. तरी सगळेच उघडत होते.

"सोनं घेताना शंभर नंबरी बघतोस, आनि पेट्रोल सत्तरचं?" शेजारचा भिवाजी कुंपणावरून म्हणाला. "शंभर ते शंभर! सत्तर ते सत्तर!"

आळीतल्या बुधाजीची सारी हयात गुरांत गेलेली. त्यानं स्कूटरच्या पाठीवर हात फिरवला. "थंडीत बैल मरगळला तर आपन गूळ-तेल पाजतो. हिलाबी जरा पाजून बघा की."

कोंडाजीनं दोघांनाही गाढवाला गुळाची चव काय, अशा नजरेनं पाहिलं. आनंदीबाईला मात्र वाटलं, या तिघांनाही एकदाच काय ते गूळ-तेल पाजावं आणि निजवावं.

भांडण पेट्रोलाचं असतं तर ती हसून सोडून देती. पण खालापूरला सोनाबाई वाट बघत होती.

सोनाबाईचा विठू कोंडाजीच्याच पलटणीत होता. तो ब्रह्मदेशात पडला. कोंडाजीच्या डोळ्यांदेखत पडला. सरकारी कागद सोनाबाईच्या घरी कधीच येऊन गेला होता. मास्तरांनी तो वाचून दाखवला तेव्हा म्हातारी शांतपणे म्हणाली, कागदाला डोळे नसतात. ज्यानं पाहिलंय त्यानं माझ्या उंबऱ्यात येऊन तोंडानं सांगावं. तोवर माझ्या सुनेच्या बांगड्या फुटायच्या नाहीत. त्यामुळे सून बायजा, ऐन उमेदीची पोर, अजून कपाळभर कुंकू लावून पाणी भरत होती. ना धड सवाष्ण, ना धड विधवा. तिच्या माहेरच्यांनी पाट लावायला एक चांगला माणूस हेरून ठेवला होता, पण तो तरी किती दिवस थांबणार? खालापूरहून निरोपावर निरोप येत होते. कोंडाजीला पाठवा. एकदा पाठवा.

आणि कोंडाजी नाही कुठं म्हणत होता? दर खेपेला अंघोळ करून, लष्करी कोट चढवून निघायचा. दिवस कलताना स्कूटर ढकलत, धुळीनं माखून परत यायचा. कधी पेट्रोल हलकं, कधी पेट्रोल भारी. माशी शिंकायची ती नेमकी वाटेतल्या पळसदरीच्या पुढं.

"बैलगाडी जुंपून देते," ती म्हणाली होती.

"लय येळ लागतो."

"मग खोपोलीच्या रेल्वेनं जा."

"दारात यंत्र असताना तिकीट काढू?"

"नाचता येईना, आंगान वाकडं!" ती फणकारली होती. त्यावर त्यानं मुकाट्यानं प्लग पुसायला घेतला होता.

आज राकेलाचं निमित्त ऐकल्यावर मात्र तिचं डोकं फिरलं. तिनं सूप भिंतीला टेकवलं, घासलेला रिकामा डबा उचलला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि थेट भिसेगावची वाट धरली. तिथं तिचा भाऊ गजा एका ठेकेदाराची लॉरी हाकायचा. ठेकेदाराला रेशनच्या पेट्रोलाची कुपनं मिळायची.

"गजा, सत्तरचं पेट्रोल दे. निव्वळ. राकेलाचा थेंब नको, आनि इमानाचं तर मुळीच नको."

गजा बघतच राहिला. "अक्का, तुला ह्ये कुनी शिकवलं?"

"तुज्या दाजीनं. झोपंतबी त्येच बरळतात. तू डबा भर, लय बोलू नको."

गजानं मालकाला विचारून डबा भरून दिला. भिसेगाव ते कडाव ती तो डोक्यावर घेऊन चालली. मानेचा काटा ढिला झाला, वासानं मळमळायला लागलं. वाटेत जो तो विचारी, "काय गं, तेल आनलंस का?" ती पाय उचलत राहिली. डोळ्यांपुढं बायजा होती. लग्नात एकदाच पाहिलेली, हसरी, पुढचा एक दात किंचित वाकडा.

घरी येऊन तिनं डबा नवऱ्यापुढं ठेवला.

कोंडाजीनं वास घेतला. थोडं तळहातावर ओतून फुंकर मारली. पेट्रोल उडून गेलं, तळहात कोरडा ठणठणीत राहिला. तेलकटपणाचा मागमूस नाही. त्यानं डबा उजेडात धरून आत डोकावून पाहिलं, हलवून पाहिला, पुन्हा वास घेतला. खोट काढायला जागाच नव्हती.

"चांगलं हाय," तो म्हणाला. माणूस इतक्या पडेल आवाजात कधी कशाला चांगलं म्हणत असेल, असं तिला वाटलं नाही.

"मग उद्या सकाळी निघू."

"निघू?"

"मीबी येनार. तुमचं पेट्रोल कुठं नासतं त्ये एकदा माज्या डोळ्यांनी बघू दे."

"अगं, बसशील कुठं?"

"मागं पेटी हाय न्हवं? मी बसंन."

सकाळी अर्धं कडाव रस्त्यावर आलं. आनंदीबाईनं पेटीवर गोधडी टाकली, लुगड्याचा घोळ आवरला आणि पाय एका बाजूला सोडून बसली. भिवाजीनं कुंपणावरून काहीतरी टोमणा मारला, पण इंजिनाच्या आवाजात तो विरून गेला. लाज वाटायची तेवढी पहिल्या वळणापर्यंत वाटली.

कर्जत आलं आणि मागं पडलं. स्कूटर कशी सुतासारखी सरळ चालली होती! ठोके नाहीत, धूर नाही. कापणी झालेली खाचरं दोन्ही बाजूंनी सरकत होती, गार वारा तोंडावर येत होता. मनातल्या मनात आनंदीबाई गजावर खूश झाली, आणि खोटं कशाला बोला, स्वतःवरही. पळसदरी मागं पडली. चढ आला. स्कूटर एकदाही न कुरकुरता चढून गेली.

"बघितलंत?" ती त्याच्या पाठीमागून ओरडली. "सत्तरचं हाय!"

पुढं खालापूरची घरं दिसायला लागली. कौलांतून धूर निघत होता. तेव्हा कोंडाजीचा एक हात हँडलावरून सुटला आणि बैठकीच्या बाजूनं खाली गेला. टाकीखाली पेट्रोलाची एक पितळी तोटी होती. त्याच्या बोटांनी ती चाचपली आणि हळूच फिरवून बंद केली. मागून आनंदीबाईनं ते पाहिलं. इंजिन थोडा वेळ आपल्या गुर्मीत धावलं, मग खोकलं आणि गप्प झालं.

स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबली. कोंडाजी लंगडत उतरला, गुडघ्यावर बसला, प्लग काढून कोटाच्या बाहीनं पुसायला लागला.

"गजानंबी फसवलं बघ," तो म्हणाला. "पेट्रोल खराब हाय."

आनंदीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभराची तिची डोकेफोड, ती चुंबळ, ती मळमळ, अख्ख्या आळीचं हसं, आणि वर तिच्या भावाच्या नावानं शिमगा! ती पेटीवरून उतरली. कुठून सुरुवात करावी एवढाच प्रश्न होता.

तो प्लग पुसतच होता. प्लग लखलखीत होता, तरी पुसत होता. प्लग एकदा धुळीत पडला. त्यानं उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतला.

"मी तोंड उघडीस्तवर त्या घरात इठू जिता हाय, आनंदे," तो मान वर न करता म्हणाला.

एवढा राग ठेवायला तिला कुठं जागाच सापडेना. लांबवर विहिरीवरून एक बाई हंडा घेऊन घराकडे चालली होती. ती बायजा असेल किंवा नसेलही. ती आत जाईपर्यंत आनंदीबाई बघत राहिली. मग नवऱ्याजवळ बसली, त्याच्या हातातून प्लग घेतला, पदरानं पुसला आणि परत दिला.

"व्हय," ती म्हणाली. "पेट्रोलच खराब हाय."

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"पन कडाव लांब राह्यलं, आनि खालापूर ह्ये समोर. ढकलायचीच हाय तर जवळ ढकलू."

तिनं पदर खोचला आणि एका बाजूनं हँडल धरलं. कोंडाजीनं प्लग जागेवर बसवला, गुडघ्याची धूळ झटकली, कोटाची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली. ती थांबून राहिली. मग तो दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.