संवत्सरीची चिठ्ठी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं प्रकाशा गावात कुणीही सांगेल. खोटं नाही ते. पण शिकवण्याच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं काढली आहेत. घरी अहिराणी बोलणारी पोरं मराठी वाचताना नेमकी कुठे ठेचाळतात, ते मला झोपेतून उठवून विचारा. म्हणून तर जिनलच्या बाबतीत जे झालं ते मला जास्त लागलं.

जिनल ही बाजारातल्या हस्तीमल शेठची नात. त्यांचं कापडाचं दुकान आहे. घरची बाकी पोरं शहाद्याला इंग्रजी शाळेत जातात, पण शेठ स्वतः आमच्या शाळेत शिकलेले, तेव्हा धाकटी नात इथेच शिकेल हा त्यांचा हट्ट. चौथीत ती माझ्या वर्गात आली ती नाव कमावूनच. धडा वाचायला उभी राहिली की मागच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू यायचं. रविवारच्या जैन पाठशाळेत चाळीस गाथा तोंडपाठ म्हणून तिने स्टीलचा डबाही जिंकला होता. अशा मुलीकडे शिक्षक दुसऱ्यांदा बघत नाहीत. मीही बघितलं नाही.

जुलैत एके दिवशी ती धडा वाचत होती आणि पंख्याच्या वाऱ्याने पुस्तकाची दोन पानं उलटली. जिनल थांबली नाही. डोळ्यांसमोर कवितेचं पान आणि तोंडात धडा, तोही स्वल्पविरामासकट!

मी जवळ गेले आणि कवितेच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच."

तिने पहिलं अक्षर उच्चारलं. मग दुसरं. मग बराच वेळ काहीच नाही.

मला शांत राहता आलं असतं, पण राहिले नाही. "तीन वर्षं सगळ्यांना फसवलंस? लबाड कुठली!" मी सगळ्या वर्गासमोर ओरडले. पोरं हसली. जिनल रडली नाही. तिने पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं आणि खाली बसली.

संध्याकाळी मी तशीच तरातरा शेठच्या दुकानात गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत शेठच बोलायला लागले.

"मॅडम, बरं झालं तुम्ही उन्यात. यंदा संवत्सरीन्या चिठ्ठ्या मन्ही जिनल वाची. माले आते दिसत नही. आनि तिन्हासारखं खडाखड घरमा कोनी वाचस का?"

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, जैन लोक 'मिच्छामि दुक्कडम' म्हणून वर्षभरात दुखावलेल्यांची क्षमा मागतात. हल्ली ते सगळं मोबाईलवर उरकतं. शेठच्या नातेवाइकांकडून मात्र अजून पोस्टाने कार्डं येतात, कारण शेठ ती जपून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांना, शेजाऱ्यांना बसवून एकेक मोठ्याने वाचतात. गावात सगळ्यांना ते ठाऊक आहे. आता त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला होता आणि वाचायचा मान त्यांनी नातीला दिला होता. त्यात पाठ करण्यासारखं काही नव्हतं. कार्डात काय लिहिलंय ते पाकीट फोडेपर्यंत कुणाला कळणार?

कापडाच्या ताग्यांमागे जिनल उभी होती. तिने माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. मी गरज नसताना एक ब्लाउजपीस घेतला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी परिपाठाआधी तिने मला गाठलं. "मॅडम, दादाजीले सांगू नका."

"नाही सांगणार. पण चिठ्ठ्या तू वाचायच्या."

"कशा?"

"ते माझ्याकडे लागलं," मी म्हणाले. आणि मी उगाच म्हणत नव्हते.

आधी तिचं खरं माप घेतलं. नवीन उतारा दिला, घड्याळ लावलं. एका मिनिटात अकरा शब्द. अक्षरं तिला येत होती, पण सुटी सुटी. जोडाक्षर आलं की गाडी बंद. पहिलीपासून थोरला भाऊ नमन घरी तिचा धडा वाचायचा, ही दोनदा ऐकायची आणि धडा पाठ. डोळ्यांना कामच पडलं नाही. बाकीच्या वर्गाचंही माप घेतलं, तर आणखी सात जण अडखळणारे निघाले. मी त्यांच्या जोड्या लावल्या आणि जिनलशेजारी दीपमालाला बसवलं.

दीपमाला पपईवाल्या शेतकऱ्याची पोर. एकही अक्षर चुकवायची नाही, पण वाचन असं की ट्रॉलीतून एकेक वीट उतरवतेय. जिनलकडे सूर होता, अक्षरं नव्हती. हिच्याकडे अक्षरं होती, सूर नव्हता. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर वीस मिनिटं. आधी मी वाचायची, पोरांनी ओळीखाली बोट ठेवायचं. मग सगळ्यांनी माझ्याबरोबर. मग जोडीत, एकीने वाचायचं, दुसरीने ऐकायचं. तोच उतारा चार वेळा. जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीची उभी रेघ. पहिल्या वेळेला रडतखडत, चौथ्या वेळेला बोलल्यासारखं. दीपमाला दुसऱ्याच आठवड्यात सुधारली.

जिनल मात्र मला पुरून उरली. तिसऱ्या वाचनाला तिची नजर कागदावरून उठून खिडकीबाहेर जायची, कारण उतारा एव्हाना पाठ झालेला असायचा. मग मीही डोकं चालवलं. लग्नपत्रिका, केळीच्या रोपांची जाहिरात, ग्रामपंचायतीची सूचना, मिळेल तो मजकूर पेन्सिलीने कागदावर उतरवून वर्गात आणायला लागले. आणि दर वाचनाआधी खोडरबराने दोन शब्द पुसून दुसरे लिहायला लागले.

"वधूचे मामा," जिनल म्हणायची.

"बोट ठेव," दीपमाला तिला टोकायची. "मामा कोठे शे? आठे तं काका शे."

पहिले काही दिवस जिनल चिडायची. मग तिला चुरस वाटायला लागली. एकदा मी काहीच न बदलता कागद दिला, तर तिने तो चार वेळा डोळ्यांत तेल घालून वाचला आणि म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही आळस कया." त्या दिवशी मिनिटाला बेचाळीस शब्द झाले. मी घरी जाऊन शिरा केला आणि एकटीने खाल्ला.

तरी माझ्या मनातून तो दिवस जात नव्हता. जिनलने त्याचा कधी विषय काढला नाही, पण वर्गात कुणी हसलं की ती अजून मान खाली घालायची. मी चूक केली होती, ती भर वर्गात केली होती, आणि तिच्यापुढे ती कबूल करायची हिंमत मला होत नव्हती. तेव्हा मी तिच्या घरची रीत धरली. कार्ड आणलं, तिच्या नावाने लिहिलं आणि पोस्टात टाकलं. मॅडमचं कार्ड तिचं तिला मिळेल, असं मी धरून चालले. शेठच्या घरचं एकूण एक कार्ड एकाच गठ्ठ्यात बांधलं जातं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी मला बोलावणं पाठवलं. दुकानामागच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसली होती. जिनलसमोर दोऱ्याने बांधलेला गठ्ठा होता.

पहिलं कार्ड दोंडाईच्याच्या आत्याचं. जिनल दोनदा अडखळली, मागे गेली, पुन्हा वाचलं. मी शिकवलं होतं तसंच. "कळत-नकळत आपलं मन दुखावलं असेल, तर अंतःकरणापासून क्षमा मागते." दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात जवळपास तेच. शेठ डोळे मिटून मान डोलवत होते. मला अभिमान वाटत होता आणि मी तो लपवत नव्हते.

सहाव्या कार्डाला ती थबकली. तिने माझ्याकडे बघितलं. माझं अक्षर होतं ते.

त्यात काय लिहिलंय ते मला तोंडपाठ होतं. तिने आत्याचाच मजकूर पुन्हा म्हटला असता, तर कुणाला कळलं नसतं. शेठना दिसत नव्हतं. बाकीचे कुणी तपासायला उठणार नव्हते. तीन वर्षं तिने हेच तर केलं होतं, आणि यात ती कुणालाही हार गेली नसती. म्हण, मी मनात म्हणाले. म्हण बाई, पाठ आहे तेच म्हण.

जिनलने ओळीखाली बोट ठेवलं.

"चिरंजीव जिनल. तुला वाचता येत नाही, हे मला जुलैमध्ये कळलं. तीन वर्षं ते कुणाच्या... कुणाच्याच लक्षात आलं नाही, ही आम्हा शिक्षकांची चूक. मी मात्र सगळ्या वर्गासमोर तुला लबाड म्हणाले. तू लबाड नव्हतीस. घाबरलेली होतीस. मला क्ष... मला क्षमा कर. मिच्छामि दुक्कडम. तुझ्या मॅडम."

शेठनी डोळे उघडले.

"तुले वाचता येत नव्हतं?"

"नव्हतं, दादाजी." तिची मान वर होती. "आते येस."

शेठ मला बोलतील, तिला बोलतील, मी दोन्हीची तयारी ठेवली होती. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि चाचपडत तिच्या डोक्यावर ठेवला.

"मंग आखो एकदा वाच," ते म्हणाले.

आणि जिनलने पुन्हा वाचलं. भर सभेत माझी चूक मला दुसऱ्यांदा ऐकावी लागली, आणि इतकं सुंदर वाचन मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ती कुठेच अडखळली नाही. "तू लबाड नव्हतीस" नंतर ती थांबली, एक श्वास घेतला आणि मगच पुढे गेली. तिथे मी पेन्सिलीची रेघ मारलेली नव्हती.

मला रडू आलं. कार्ड वाचून होताच जिनलने माझ्याकडे बघून हात जोडले आणि सातवं उचललं.