कोगनोळीपुढे तुटलेला फोन

सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी लक्ष्मीबाईंचा फोन बोलता बोलता तुटला. निपाणीहून त्यांना ॲम्ब्युलन्समधून कोल्हापूरला नेत होते. सोबत मुलगी मैत्री होती. फोनवर मुलगा प्रज्ञेश होता; तो बेळगावात, एका मोबाईल कंपनीत नेटवर्क इंजिनिअर.

"जगाचे फोन जोडतोस, आणि आईला रविवारीच व्हय रं?" धापा टाकतच त्यांनी टोमणा मारला होता. मग म्हणाल्या, "आप्पा जाताना तुझ्याबद्दल काय बोलले, ते सांगायचं राह्यलंय. ऐक..."

आप्पा, म्हणजे प्रज्ञेशचे वडील, वारले तेव्हा बापलेकांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं.

फोन कुठे तुटला हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. कोगनोळीपुढे राज्याची हद्द लागते; तिथे कर्नाटकातला टॉवर चालू फोन महाराष्ट्रातल्या टॉवरकडे सोपवतो. निपाणीतले फोन पलीकडचा टॉवर पकडतात अशा तक्रारी आल्या, म्हणून जूनमध्ये त्यानेच महाराष्ट्रातला तो टॉवर, चालू फोन ज्यांच्याकडे सोपवायचे त्या टॉवरांच्या यादीतून काढून टाकला होता. हद्दीवर चालू फोन तुटला तर लोक परत लावतील, असं त्याला वाटलं होतं.

मैत्रीचा फोन लागला तो ॲम्ब्युलन्स हद्दीपलीकडे कागलजवळ पोचल्यावर. "अण्णा, मी म्हटलं मला सांग. तर म्हणाली, लागू दे फोन, त्यालाच सांगते. आता डोळंच उघडंना झालीया."

दुपारी प्रज्ञेशने तो टॉवर पुन्हा यादीत घातला. चाचणीचे सगळे फोन हद्द ओलांडून न तुटता चालले. संध्याकाळी सहापर्यंत लक्ष्मीबाई शुद्धीवर आलेल्या नव्हत्या.