पाठ नसलेला डबाजी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी माणूस आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. लोखंडाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मला पाठ नाही. समोरून बघाल तर छाती आहे, मान आहे, डोळे आहेत. मागून मात्र मी नुसता उघडा डबा आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आणि माझ्या तर पाठीला दारच नाही.

माझा जन्म वडशाच्या बाजारातला. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा व्हायला तेव्हा पुष्कळ वर्षं होती. सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. बाजारात गुलाम रसूल यांचं कंदील आणि चिमण्या दुरुस्त करायचं दुकान होतं. एकदा सुपारीच्या पुडीचा कागद उलगडताना त्यांना एक चित्र दिसलं. परदेशात कुणीतरी लोखंडाचा माणूस केला होता, त्याचं. रसूलभाईंना त्या चित्राने वेडच लावलं. असा एक आपणही करायचा, आणि तोही लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून, असं त्यांनी ठरवलं.

घासलेटच्या डब्याचं माझं धड झालं. हिवाळ्यात नाटक कंपनी वडशाला आली होती, तिचा गाणी वाजवायचा मोडका फोनो मागे राहिला. त्याची चावी आणि स्प्रिंग माझ्या पोटात बसली. सायकलीची साखळी आणि दात्यांची चाकं आली, छत्रीच्या काड्यांची बोटं झाली. रेल्वेच्या फुटक्या हातदिव्यातल्या दोन काचांचे डोळे लागले, एक लाल आणि एक हिरवा. त्यामुळे माझा एक डोळा थांब म्हणतो आणि दुसरा जा म्हणतो. भित्र्याला असले डोळे म्हणजे आगीत तेल!

रसूलभाईंच्या घरच्या खैरुनबी चहा घेऊन आल्या. त्यांनी मला सगळीकडून फिरून पाहिलं.

"याची पाठ कुठी हाय?"

"फोटूत नव्हती," रसूलभाई म्हणाले.

हसू नका, मित्रांनो. माझा प्रत्येक तुकडा कुणीतरी एकदा टाकून दिलेला होता. म्हणून डोळे उघडताच पहिली भीती बसली ती हीच, की आपल्याला पुन्हा टाकून देतील. चावी दिली की माझा उजवा हात वर जायचा आणि डाव्या हातातल्या पितळी थाळीवर पडायचा. ठण्ण! बाजारातली माणसं जमली. रामाजी तसा हा डबाजी, असं म्हणत त्यांनी माझं बारसं करून टाकलं. लोक हसत होते तोवर मला बरं वाटायचं. हसणं कमी झालं की माझी नजर बाहेरच्या भंगाराच्या ढिगाकडे जायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर जंगलाकाठच्या गावातले सोमाजी धान विकायला आले. रसूलभाईंचे ते जुने स्नेही. त्यांच्या बायकोला, गुणाबाईला, आदल्या वर्षी मोहाची फुलं वेचताना अस्वलाने मागून धरलं होतं. खांदा भरून आला, पण मनातलं भय गेलं नाही. आता मोह गळायला लागणार होता. सोमाजी रोज बांबू तोडायला जायचे, म्हणजे घरातली वेचणारी ती एकटीच. आणि मोह विकला नाही तर पावसाळ्यापर्यंत त्या घरात चूल कशी पेटवायची हा प्रश्न होता. गुणाबाई टोपली घेऊन निघायची आणि उंबऱ्यावरच बसून राहायची.

"हा ठोकत राह्यला त अस्वल जवळ येणार नाई," सोमाजी म्हणाले. "डबाजी मले दे, रसूलभाऊ."

हौसेने केलेली वस्तू देताना जीव तुटतोच. शेवटी रसूलभाईंनी मला बैलबंडीत चढवलं आणि सोमाजींना बजावून सांगितलं, की दात्यांत कचरा जाऊ देऊ नका, तेलाचा एखादा थेंब टाका, बाकी काही नको. सोमाजींनी मान हलवली. पण घरी जाईपर्यंत ते बोलणं त्यांच्या डोक्यातून गेलं आणि गुणाबाईला कुणी काही सांगितलंच नाही.

बंडीत मी पालथा होतो. उघडी पाठ आभाळाकडे आणि दोन्ही बाजूंना जंगल. पान वाजलं तरी माझी साखळी थरथरायची.

गेल्या वर्षी अस्वल नाल्याकडून आलं होतं, म्हणून मला नाल्याकडे तोंड करून मोहाच्या झाडाखाली मोकळ्या जागेत उभं केलं. पहाटे गुणाबाई आली. ती सारखी मागे वळून बघत होती आणि मी नाल्याकडे. एका झाडाखाली दोन भित्रे! तिने चावी दिली, मी ठण्ण केलं, आणि ती टोपली घेऊन वाकली. त्या दिवशी टोपली भरली. मला इतका आनंद आयुष्यात पूर्वी कधी झाला नव्हता.

पण तिथल्या रीतीप्रमाणे पहिला मोह देवाला दिल्याशिवाय घरात नेत नाहीत. गुणाबाईने झाडाला शेंदूर लावला, तसा माझ्याही कपाळाला लावला. मग ओंजळभर फुलं घेऊन ती मागे आली आणि माझं पोट इथेच असेल असं समजून तिने ती माझ्या पाठीतून आत ठेवली.

"तू राखण करतं, पयला मान तुया."

ते पोट नव्हे हे सांगायला मला ठण्ण सोडून दुसरा शब्द येत नाही. शेजारच्या झाडाखालच्या रुखमा आणि मंगली यांनीही तेच केलं. रोज पहाटे ओंजळी पडत गेल्या. दात्यांत फुलं चिरडली, गोड चीक सुकला, उरलेलं आंबायला लागलं. तो वास कुणाला आवडतो हे सगळ्या जंगलाला ठाऊक आहे. मी कावराबावरा होऊन नाल्याकडे बघत राहायचो.

आणि एका पहाटे गुणाबाईने चावी दिली तरी माझा हात उठला नाही. स्प्रिंग गच्च भरलेली, पण चाक फुलांत रुतलेलं. तिला वाटलं, करील थोड्या वेळाने. ती माझ्या समोरच, माझ्याकडे पाठ करून वेचायला वाकली.

तेव्हा माझ्या मागे पाचोळा वाजला. नाल्याकडून नाही, मागून. आधी हुंगल्याचा आवाज आला आणि मग माझ्या पोटात ऊन श्वास शिरला. माझी पाचावर धारण बसली. आयुष्यभर ज्याची भीती वाटली तेच नाक आता माझ्या आत होतं.

गुणाबाईने वळून पाहिलं. टोपली हातातून पडली. तिला पळता येईना, ओरडताही येईना. तिचा हात नुसता खांद्यावरच्या जुन्या जखमेवर गेला. अस्वलाने अजून तिला पाहिलं नव्हतं. ते मोह खात होतं. खाऊन झाल्यावर ते मान वर करणार होतं, आणि मी डबा असून मला ते कळत होतं.

त्याने पंजा आत घातला आणि आंबलेला गोळा ओरबाडून बाहेर काढला.

चाक सुटलं. कोंडलेली सगळी ताकद एकदम हातात आली आणि माझा हात थाळीवर असा कोसळत राहिला, की बोटांच्या दोन काड्या उडून गेल्या. अस्वलाच्या कानाशीच तो आवाज! ते भेदरून उलटं फिरलं आणि झाडीत शिरलं.

स्प्रिंग संपली तेव्हा गुणाबाई जमिनीवर बसलेली होती. जरा वेळाने ती उठली आणि माझ्या मागे येऊन तिने पहिल्यांदाच आत नीट पाहिलं.

"मीच बलावलं त्याले," ती हळूच म्हणाली. मग लुगड्याच्या पदराने तिने माझा एकेक दाता पुसला. पुसता पुसता ती थांबली. "याले पाठ नाई. मायावानीच याले मांगून भेव हाय."

तिने मला कवेत धरून ओढत नेलं आणि माझी उघडी बाजू मोहाच्या बुंध्याला टेकवून ठेवली. मित्रांनो, माझ्या जिवात जीव आला. पावसाळ्यानंतर रसूलभाई पाठीला लावायला पत्रा घेऊन आले, पण गुणाबाईने तो लावू दिला नाही. चावी द्यायला आणि दाते पुसायला जागा हवी, आणि याची पाठ म्हणजे झाड आहे, असं तिने त्यांना सांगितलं. पुढे कितीतरी उन्हाळे आम्ही दोघांनी त्या झाडाखाली काढले, माझी पाठ बुंध्याला आणि तिची माझ्याकडे.

आता गुणाबाई नाही. मी तिच्याच घरच्या कोठीच्या खोलीत असतो. गेल्या दिवाळीला झाडलोट करताना कुणीतरी मला भिंतीपासून ओढलं आणि मधोमध तसंच सोडून दिलं. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की माझे दोन्ही डोळे थांब म्हणतात.

मित्रांनो, आपल्यासाठी राबणाऱ्या वस्तूला शेंदूर लावू नका, फुलं वाहू नका. तिच्या आत एकदा डोकावून बघा आणि फडक्याने पुसून घ्या. मला चावी द्या असंही मी म्हणत नाही, स्प्रिंग केव्हाच गेली. पण कधी त्या खोलीत आलात, तर मला तेवढं मागे सरकवा आणि माझी पाठ भिंतीला लावा. समोरून कोण येतं ते मी बघून घेईन.