पाठीमागची जागा

"तात्सुहिकोनं ते यान सोडलेलं नाही हं, नुसतं उभं करून ठेवलंय," सासूबाई लग्नाआधीच म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. नवऱ्याच्या जुन्या व्हिडिओ गेमला कोण घाबरतं?

आमची लेक नागी बसायला लागली तेव्हा आमागासाकीच्या बाजारातल्या गेम पार्लरमध्ये त्याच गेमचं जुनं यंत्र पुन्हा लागलं. इवलंसं यान अरुंद गुहांतून डावीकडून उजवीकडे न्यायचं. फुटलं की मिळवलेली सगळी शस्त्रं जातात, रिकाम्या हातानं पुन्हा मागून सुरुवात. एकामागून एक असे कितीतरी भाग, आणि तात्सुहिकोला ते सगळे पार करायचे होते. झालं, रविवार त्यात गेले.

माझी हरकत यंत्राला नव्हती, साकुमाला होती. ही त्याची कॉलेजातली मैत्रीण. पार्लरमधला रिवाज असा की जाणकारानं खेळणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं, यान फुटेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, मग कुठे चुकलं ते सांगायचं. भातात पाणी जास्त झालंय एवढंही माझ्याकडून ऐकून न घेणारा माझा नवरा तिचं सगळं निमूट ऐकायचा.

"तो घाबरला की मला त्याच्या मानेवरून कळतं," ती एकदा हसत म्हणाली.

त्याची मान! नागीला पाजताना माझ्या डोळ्यांसमोर तीच.

मग मीही हट्टाला पेटले. नागी झोपली की घरच्या टीव्हीवर तोच खेळ. तिसरी गुहा अगदी पाठ केली. एका रविवारी नागीला छातीशी बांधलं आणि पार्लर गाठलं.

साकुमा लगेच बाजूला सरकली. "या ना वहिनी, इथून नीट दिसतं."

जागाही मला तिनंच द्यायची!

तिसरी गुहा आली. माझ्यानं राहवेना. "वर घे! वाट वर आहे!"

त्यानं क्षणात वर घेतलं. समोर भिंत. यान फुटलं.

साकुमा हळूच म्हणाली, "वहिनी, घरच्या खेळात वर असते. या यंत्रात ती खाली आहे."

तात्सुहिको गर्रकन वळला. "तू घरी खेळतेस? कधी?"

"तू इथे असतोस तेव्हा. आणि खाली आहे हे तुला माहीत होतं ना? मग वर का घेतलंस?"

"तू म्हणालीस म्हणून."

मला रडूच येणार होतं. तेवढ्यात तो आणि साकुमा एकदमच हसले, एकाच सुरात, आणि माझं रडू जिथल्या तिथे सुकलं.

आज पुन्हा रविवार. "चल ना तूही," तो म्हणाला होता. पण काल नागीला लस टोचली, ती खांद्यावरून उतरत नाही. तो तासाभरात येणार होता. दुपार उलटली, फोन उचलत नाही. खेळताना तो उचलत नाहीच, हे मला ठाऊक आहे.

शेजारी आहात म्हणून विचारते, तुम्ही बाजाराकडे निघालाच असाल तर जरा पार्लरमध्ये डोकावाल का? त्यानं काही खाल्लंय का ते बघा. आणि पाठीमागे कोण उभं आहे, तेवढंही बघून या.