आवाजाचा दिवा

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. हिवाळ्याचा दुसरा आठवडा, मंगळवार. त्या दिवशी माझं खोकं फोडलं आणि चार माणसांनी मला जिन्यावरून वर नेलं. जिना अरुंद होता. एकाचं बोट चेंगरलं, त्यानं मला शिवी हासडली. मी मनाला लावून घेतली नाही. मी ओतीव लोखंडाचा आहे.

मी प्रोजेक्टर. लष्करी तळावरच्या थिएटरात दहा वर्षं नोकरी केली. शाळा शिकलो नाही. पडद्यावर हजारो पाट्या टाकल्या, एकही वाचता आली नाही. पण काम चोख केलं.

आमचं थिएटर तळाच्या टोकाला, धावपट्टीच्या पलीकडे. पत्र्याचं छप्पर, दोनशे माणसांची बाकं, मागे साहेबांच्या सहा खुर्च्या. जवानांना चित्र आवडलं की ते बुटांनी जमीन बडवत. धूळ माझ्या खिडकीपर्यंत येई. त्यांना कधी बोलावणं येईल याचा नेम नसे. मशीन चालवणारा मिस्त्री काचेच्या पट्टीवर शाईनं नाव लिहून पडद्यावर टाकी. नाव दिसलं की एकेक जण निमूट उठून जाई. काही जण पुढच्या रविवारी परत दिसत, काही दिसत नसत. काचपट्टी हातात घेतली की मिस्त्रीचा चेहरा आक्रसे. मलाही बरं वाटत नसे.

मला चालवणारा हा एकच माणूस. बायकोमुलं नव्हती. एक धाकटा भाऊ होता, त्याला यानंच लहानाचा मोठा केला. तोही जवान झाला. मिस्त्री माझी काच रोज स्वतःच्या रुमालानं पुसे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. एकदा साफसफाईवाल्यानं माझ्यावर टोपी ठेवली, तर मिस्त्रीनं ती खिडकीतून बाहेर फेकली.

माझ्यात दोन उजेड. मोठा चित्र पडद्यावर टाकतो. दुसरा अंगठ्याएवढ्या दिव्याचा. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यातून त्याचा उजेड गेला की कर्णा बोलतो. दिवा गेला की चित्र चालतं, पण मुकं. असा एक जादा दिवा डबीत घालून फळीवर ठेवलेला असे.

उन्हाळ्यात मिस्त्रीनं तो पुसायला काढला आणि हातून सोडला. काचा गोळा केल्या. डबी बंद करून पुन्हा फळीवर ठेवली. कुणाला बोलला नाही. सांगितलं असतं तर भांडारवाल्यानं चारचौघांत विचारलं असतं, "काय मिस्त्री, हाताला कंप सुटला का?" तेवढं याला सोसवलं नसतं. रिकामी डबी चार महिने फळीवर बसून राहिली. मी रोज तिच्याकडे बघत होतो.

तळावर थिएटरं दोन, फिल्म एक. मोठं थिएटर सात किलोमीटरवर. तिथं खेळ आधी सुरू होई, आमच्याकडे पाऊण तासानं. तिथं दाखवून झालेली रिळं मोटरसायकलवाला आमच्याकडे आणी. त्याचं नाव भिंगरी पडलं होतं. एक रीळ वीस मिनिटांत संपतं. पुढचं वेळेवर येईल का, या घोरात माझी दहा वर्षं गेली. वाऱ्याचा आवाज झाला तरी वाटे, भिंगरी आला.

मोठ्या थिएटरातल्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणत. रीत अशी, की देणाऱ्यानं रीळ उलट गुंडाळून द्यायचं, म्हणजे घेणाऱ्याला सुरुवात वर मिळते. मामानं एकदा घाईत रीळ तसंच पाठवलं. आमच्या पडद्यावर माणूस आधी मेला आणि मग उलटा चालत घरी गेला. दोनशे माणसं हसली. मिस्त्रीनं मामाशी बोलणं टाकलं. दोन वर्षं दोघांत फक्त डब्यातल्या चिठ्ठ्या. मिस्त्री त्या मोठ्यानं वाचे, म्हणून मला कळे. "रीळ पोचलं." "रीळ फाटलंय, सांभाळ." बस.

मग अडुसष्ट सालचा ऑक्टोबर आला. रविवार, दुपारचा खेळ. एक पलटण सहा वाजता गाड्यांत बसून सरहद्दीकडे निघणार होती. धाकटा तिच्यातच होता. तिसऱ्या बाकावर बसलेला.

सातव्या रिळात माझा छोटा दिवा फुटला.

पडद्यावर माणसं ओठ हलवत राहिली. खाली एकच गिल्ला. "आवाज! मिस्त्री, आवाज!" बूट वाजायला लागले. मिस्त्रीनं मला थांबवलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. फळीवरच्या डबीकडे त्यानं हातसुद्धा नेला नाही.

धाकटा जिना चढून आला. "दादा, काय झालं?"

"दिवा गेला."

"जादाचा आहे ना?"

मिस्त्री माझं झाकण उघडून आत बघायला लागला.

"दादा, पोरं म्हणतायत शेवट बघूनच जायचं. परत बघायला मिळतो न मिळतो."

"तोंड आवर. खाली जाऊन बस."

धाकटा गेला. मिस्त्रीनं फोन उचलला, ठेवला, परत उचलला. मामाचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू आलं.

"कोण?"

"मी. पलीकडून."

"अरे वा! सूर्य पश्चिमेला उगवला का आज?"

"आवाजाचा दिवा हवाय."

"तुझा जादाचा कुठं गेला?"

"डबी आहे. दिवा नाही. हातून फुटला."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस."

"नाही."

"गाढव आहेस."

"आहे," मिस्त्री म्हणाला. दहा वर्षांत असं कबूल करताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

मामा म्हणाला, "माझ्याकडंही जादा नाही. माझी मशीनची जोडी आहे, डाव्यातला काढून देतो. राहिलेला खेळ एकट्या उजव्यावर रेटतो. पण ऐक. गुरुवारी मोठे साहेब तपासणीला येणार. दोन्ही मशीन चालवून दाखवायची आहेत. मी सहा महिन्यांनी घरी बसणार, आणि हा सरकारी दिवा कुठंही नोंद न करता, बिनचिठ्ठीचा देतोय. गुरुवारच्या आत आला नाही तर चोरीचा ठपका ठेवून हाकलतील मला. पेन्शनही जाईल."

"गुरुवारच्या आत देतो."

भिंगरी चौदा मिनिटांत आला. पुढच्या रिळाबरोबर त्याच्या हातात एक लोकरी मोजा होता, दिवा त्यात. "मामा म्हणाला, मोजा धुतलेला आहे," तो धापा टाकत म्हणाला. मिस्त्री हसला नाही. त्यानं दिवा नीट बसवला. मी बोलायला लागलो. सहाला आठ मिनिटं कमी असताना शेवटचं रीळ संपलं. धाकट्यानं दारातून वर खिडकीकडे बघून हात केला. वर यायला वेळ नव्हता.

तिकडे मामाला प्रत्येक रिळानंतर खेळ थांबवावा लागला. तिथल्या साहेबानं त्याला सगळ्यांदेखत झापलं, असं भिंगरीनं सांगितलं.

सोमवारी मिस्त्री भांडारात गेला. दिवा यायला दोन महिने, असं उत्तर मिळालं. मंगळवारी शहर गाठून रेडिओची दुकानं आणि दोन सिनेमागृहं पालथी घातली. त्यांच्या दिव्यांची बैठक वेगळी, माझ्यात बसत नव्हती. संध्याकाळी येऊन तो माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिला. फोन वाजला की दचके. मामाचा फोन एकदाही आला नाही. त्यानं आठवण करून दिली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी भिंगरी आला. "मिस्त्री, शुक्रवारी दुसरी पलटण निघतेय. तिचा खेळ आहे. दिवा दिलात तर खेळ मुका होणार."

"माहीत आहे."

"चिठ्ठी तर नाही ना? मग कसला दिवा अन् काय. मामा काय सिद्ध करणार?"

मिस्त्रीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. भिंगरी जिन्यावर जाऊन उभा राहिला.

मला घाम येत नाही. आला असता तर त्या दिवशी आला असता. तो दिवा म्हणजे माझा आवाज. दुसरा कधी येईल, येईल की नाही, कोण सांगणार? मला वाटलं, ठेवावा यानं. आणि लगेच वाटलं, ठेवला तर याच्या हाताखाली मी कसा चालू?

मिस्त्रीनं थिएटरच्या साहेबाला वर बोलावलं. साहेब जिना चढून आला, कपाळाला आठ्या.

"जादाचा दिवा मी फोडला," मिस्त्री म्हणाला. "चार महिने ते लपवलं. मशीनमधला उसना आहे, परत करतोय."

"आणि शुक्रवारचा खेळ?"

"होणार नाही."

"मग तू कशाला हवास इथं?"

"ते तुम्ही ठरवा साहेब."

साहेबानं फळीवरची डबी उघडून बघितली आणि तिथंच ठेवली. शुक्रवारपासून मिस्त्रीला माझ्या खोलीत यायची बंदी झाली. त्याला कोळशाच्या वखारीवर टाकलं. नवा दिवा येईपर्यंत थिएटर बंद ठेवायचं ठरलं. तो कधी आलाच नाही. पुढं थिएटरात पोत्यांची थप्पी लागली. मला मागच्या शेडमध्ये हलवून ताडपत्री घातली. उंदरांनी माझ्या वायरी खाल्ल्या. कालपासून दोन माणसं येऊन वजनाचा अंदाज घेतायत. माझं काय करणार ते बोलत नाहीत, आणि मला विचारता येत नाही.

तोडायचं असेल तर तोडा. एक विनंती आहे. उजव्या बाजूचं छोटं झाकण उघडाल तेव्हा दिव्याची जागा रिकामी दिसेल. मिस्त्रीनं चोरला असं म्हणू नका.

त्या बुधवारी साहेब गेल्यावर त्यानं ते झाकण उघडलं. दिवा थंड होता, तरी रुमालानं धरून काढला. उजेडापुढे धरून तार शाबूत आहे का ते दोनदा बघितलं. मोज्यात घातला, मोज्याला गाठ मारली आणि भिंगरीला हाक मारली.

"हळू जा. खड्डे बघून जा."

मोटरसायकल गेली. मिस्त्री फोनशेजारी उभा राहिला. बसला नाही. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. पंचविसाव्या मिनिटाला फोन वाजला.

"पोचला," मामा म्हणाला. "लावून बघितला. बोलतोय."

"बरं," मिस्त्री म्हणाला आणि फोन ठेवला.