चादरीची जोडी

आमच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या जोडीने घालायच्या. दोघींनी चादर ताणायची, झटकायची आणि टोकं जुळवत एकमेकींजवळ यायचं. मी तेव्हा इस्त्रीवर होते, माझी मावशी घड्यांवर. मनोरुग्णालयातून बरी होऊन एक बाई कामाला आली, तेव्हा तिच्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना.

"जोडी जमली नाही, तर तिला घरी पाठवावं लागेल," मालकीणबाई म्हणाल्या. मावशीची जोडीदारीण बाळंतपणाला गेलेली, म्हणून ही नवी बाई मावशीच्या गळ्यात पडली.

पहिल्या दिवशी मावशी टोकं लांबूनच पुढे करायची. चादर सारखी जमिनीला लागायची.

"मावशी, जवळ या हो. मी चावत नाही," ती म्हणाली. "चावायचं झालंच, तर आधी सांगेन."

मावशी इतकी हसली की चादर हातातून सुटली. मग सुना, गुडघे, महागाई, त्यांच्या गप्पांतून काही म्हणून सुटलं नाही.

काही महिन्यांनी जुनी जोडीदारीण परतली. "हो गं बाजूला," ती तोऱ्यात म्हणाली. "वेड्या माणसाच्या हाती काम दिलंय!"

मावशीने चादर सोडली नाही. "तूच दुसरी जोडी शोध. हिची उंची माझ्याएवढी आहे. आणि वेडी कुणाला म्हणतेस? आजारी होती, बरी झाली. तुझी कावीळ आम्ही कधी उकरून काढली का?"

मालकीणबाईंनी जुनीला माझ्याबरोबर इस्त्रीवर धाडलं. आठवडाभर तिने मावशीशी अबोला धरला. मावशीच्या ते लक्षातही आलं नाही, तिला बोलायला समोर माणूस होतं.