फोटो नाही, डोळ्यांनी पाहिलं

“मी टोफू विकते, थापा नाही.”

हे वाक्य अकरा वर्षं माझ्या जिभेवर होतं. ऑक्टोबरातल्या एका पहाटे चार वाजता मी ते आमच्या तारा-निरीक्षण केंद्राचे प्रमुख, प्राध्यापक एनोकिदो यांना फोनवर ऐकवलं, तेही त्यांना झोपेतून उठवून.

अकरा वर्षांपूर्वी एक तारा भडकल्याची वर्दी मी दिली होती. आम्हा निरीक्षकांची रीत अशी, की ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने केंद्राला कळवायचं, केंद्राने सगळ्यांना, आणि मग रात्र सरकेल तसा तो तारा पश्चिमेकडच्यांच्या हाती सोपवायचा. इथे उजाडलं की कोरिया, मग उझबेकिस्तान, मग युरोप. त्या रात्री माझ्या एका शब्दावर तीन वेधशाळांनी दुर्बिणी वळवल्या. तारा भडकलाच नव्हता. त्याला अगदी खेटून एक लघुग्रह चालला होता आणि मी लघुग्रहांचा तक्ता बघितला नव्हता. चूक माझीच, शंभर टक्के. पण कुणी ओरडलं नाही. वार्षिक बैठकीत एनोकिदोंनी ‘वर्दीआधी तक्ता पाहावा’ एवढंच वाचून दाखवलं आणि साठ माणसांनी माझ्याकडे न बघण्याची पराकाष्ठा केली. इतिवृत्तात मात्र चूक माझ्या पूर्ण नावानिशी नोंदली गेली. त्यापेक्षा चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. पुढे कुठल्याही खोट्या वर्दीला मंडळी ‘ओगिनुमाचा तारा’ म्हणायला लागली. गेल्या वर्षी तर नियमच निघाला, की फोटोशिवाय वर्दी घेतली जाणार नाही.

माझ्याकडे कॅमेरा नाही. दुकानाच्या गच्चीवर जुनी दुर्बीण आहे आणि चेहऱ्यावर दोन डोळे आहेत. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून एखाद्याचं तेज कितव्या प्रतीचं, ते मी सांगते. सिंह राशीतल्या एका ताऱ्यापुढे तर एकोणतीस वर्षं मी एकच नोंद केली आहे, ‘दिसला नाही’. टोफूवाल्यांना पहाटे तीनला उठावंच लागतं. सोयाबीन शिजत असताना वर जायचं, बघायचं, लिहायचं, खाली यायचं.

तो तारा खरं तर दोन ताऱ्यांची जोडी आहे. मागच्या वेळी, तीस वर्षांपूर्वी, ती भडकली तेव्हा बातमी आठ दिवस उशिरा फिरली. पहिल्या आठवड्यात तिच्या उजेडात एक बारीक लय असते. ती मोजली तर दोघांपैकी कोण किती जड ते कळतं. नंतर लय जाते ती जातेच. त्या वेळी सगळ्यांनी मिळून ती घालवली. मी आता सदुसष्टची आहे, पुढची संधी मला मिळायची नाही.

त्या दिवशी सव्वातीनला तो दिसला. चांगला ठसठशीत, अकराव्या प्रतीचा. धावत फोनकडे जावंसं वाटलं. पण अकरा वर्षांपूर्वीची मी वेगळी होते. लघुग्रहांचा तक्ता दोनदा बघितला. जवळपास काही नव्हतं. तरी पाऊण तास थांबले, कारण लघुग्रह असता तर तेवढ्यात सरकला असता. हा तसूभरही हलला नाही. मग फोन लावला.

“ओगिनुमासान,” एनोकिदो जांभई गिळत म्हणाले, “फोटो आहे का?”

“नाही. तक्ता बघितलाय, पाऊण तास थांबलेय.”

“मग उद्या पहाटे कुणीतरी फोटो घेईल. एक दिवसाने काय बिघडतंय?”

“आज सगळ्या जपानवर ढग आहेत, उद्याही असणार. इथे तेवढी फट पडलीय, आणि अर्ध्या तासात उजाडेल. समरकंदला तो अजून उगवायचाय. आत्ता कळवलंत तर त्यांना पूर्ण वेळ मिळेल.”

“नियम आपल्या सगळ्यांसाठी आहे.”

“नियम माझ्यासाठी केलाय, सर. उगाच सगळ्यांना त्यात ओढू नका.”

तेव्हाच ते थापांचं वाक्य निघालं. मग एनोकिदो हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही परस्पर कळवलंत, तर तुमचं नाव निरीक्षकांच्या यादीतून काढावं लागेल. माझा नाइलाज होईल.”

“काढा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

खालून आमचे हे, तोकुजी, ओरडले, “मिचियो! दूध तयार आहे! खारं पाणी घालायला येतेस का?”

“तुम्हीच घाला!”

“किती?”

“घाला हो अंदाजाने!”

चाळीस वर्षांच्या संसारात सोयाबीनचं दूध गोठवायचं ते पाणी मी त्यांच्या हाती कधी दिलं नव्हतं. जुन्या वहीतून चाळीस निरीक्षकांचे ईमेल पत्ते काढले आणि सगळ्यांना एकच मजकूर पाठवला: ‘सिंह राशीतला भडकला. काल पहाटे दिसला नव्हता, आज सव्वातीनला अकराव्या प्रतीचा. फोटो नाही, डोळ्यांनी पाहिलं. तक्ता तपासला आहे. खोटं ठरलं तर दोष माझ्या एकटीचा. ओगिनुमा मिचियो.’

सहा वाजता केंद्राचं पत्र सगळ्यांना गेलं: ‘आधीच्या वर्दीला दुजोरा नाही. कृपया थांबावे.’ वाचून मला रडू आलं. रागाचं होतं ते.

दुकान उघडलं. तोकुजींचा टोफू विटेसारखा झाला होता. समोरच्या कुरेमात्सुबाई तो बोटाने दाबून म्हणाल्या, “हा खायचा की कुंपणाला लावायचा?”

“आज हाच आहे,” मी म्हटलं. “नको असेल तर ठेवा.”

साडेआठला मोबाइल वाजला. समरकंदच्या निरीक्षकाचं, एर्गाशेवचं, उत्तर होतं, तेही सगळ्यांना पाठवलेलं: ‘थांबलो नाही. मिचियोबाई गेल्या खेपेला चुकल्या तेव्हा चूक कबूल करणाऱ्याही त्याच होत्या. तारा भडकलेला आहे. फोटो सोबत. उजाडेपर्यंत मोजत राहतो.’ त्यानंतर तुर्कस्तान, मग स्पेन. संध्याकाळपर्यंत ती लय तिघांच्या आलेखांत उमटली होती.

रात्री जेवताना एनोकिदोंचा फोन आला. आवाज मऊ होता.

“अभिनंदन, ओगिनुमासान. यादीचं मी बोललो ते सोडून द्या. फक्त अहवालात शोधाची वेळ एर्गाशेवच्या फोटोची धरावी लागेल. तुमची वर्दी तळटीपेत नक्की देऊ. फोटो नसल्यामुळे, तुम्ही समजून घ्याल...”

मी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

“सर, अकरा वर्षांपूर्वीची चूक माझ्या नावावर मांडताना कुणी फोटो मागितला होता का?”

उत्तराला न थांबता मी पुढे म्हटलं,

“डोळ्यांची चूक तुम्ही पुऱ्या नावानिशी लिहिलीत. मग आजचंही तसंच लिहा. तळटीप मला नको.”

तोकुजींचा घास हातात तसाच राहिला होता. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“वेळ सांगा,” एनोकिदो म्हणाले.

“तीन वाजून पंधरा मिनिटं,” मी सांगितलं. त्यांना नीट लिहिता यावं म्हणून सावकाश सांगितलं.